गिंडीचे वन आणि कार्बनचा हिशेब

चेन्नई शहराच्या दक्षिण भागात, दाट वस्तीने आणि वर्दळीच्या रस्त्यांनी वेढलेले गिंडीचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ जेमतेम २.७ चौरस किलोमीटर असून भारतातील सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यानांत त्याची गणना होते. मुंबईकरांना बोरिवलीचे वन जसे जवळचे, तसे चेन्नईच्या रहिवाशांना गिंडीचे. कोरोमंडल किनाऱ्यावर एके काळी सर्वत्र पसरलेल्या उष्ण कटिबंधीय शुष्क सदाहरित वनाचा हा एक उरलेला तुकडा होय. ताड, वड, माकडलिंबू आणि काटेरी झुडपे यांच्या सावलीत येथे चितळ आणि काळवीट वावरतात.

या वनाकडे पाहण्याची एक नवी दृष्टी गेल्या काही दशकांत रूढ झाली आहे. वनात किती झाडे आहेत, किती प्राणी आहेत, एवढेच विचारून आता भागत नाही. या वनाने हवेतील किती कार्बन आपल्या अंगी साठवून ठेवला आहे, दरवर्षी त्यात किती भर पडते आणि किती घट होते, हेही विचारले जाते. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर शोधताना जमीन म्हणजे काय, वन कशाला म्हणावे आणि मोजमापावर कितपत विश्वास ठेवावा, असे अनेक प्रश्न एकापुढे एक उभे राहतात. गिंडीचा परिसर लहान असल्यामुळे ते समजून घेण्यास विशेष सोयीचा आहे.

मोजणीची भूमी

मोजमाप या भूमीला नवे नाही. गिंडीजवळच्या सेंट थॉमस माउंट या टेकडीच्या परिसरात १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन याने पायारेषा मोजण्यास प्रारंभ केला, आणि भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ती सुरुवात ठरली. सुमारे साडेसात मैलांची ही रेषा पोलादी साखळीने मोजण्यात आली. उन्हाने साखळी लांबते आणि थंडीने आखडते. म्हणून शेजारी तापमापके ठेवून प्रत्येक मापात दुरुस्ती केली जात असे. पायारेषेत राहिलेली लहानशी चूक पुढे शेकडो मैलांवर पसरत जाणार, याची लॅम्बटनला पूर्ण जाणीव होती.

गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे मूळही मोजणीतच आहे. १७९४ मध्ये मायकेल टॉपिंग याच्या पुढाकाराने मद्रासमध्ये जी सर्वेक्षण शाळा निघाली, तिचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. १९२० मध्ये ते गिंडीला आले आणि १९७८ पासून अण्णा विद्यापीठाचा भाग बनले. जमिनीची लांबी-रुंदी मोजण्याची जी परंपरा या परिसरात रुजली, तिचाच पुढचा टप्पा म्हणजे जमिनीतील आणि जमिनीवरील कार्बनची मोजणी होय. माप बदलले, चुकीविषयीची सावधगिरी मात्र तीच राहिली पाहिजे.

एका झाडाचा हिशेब

झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि त्यातील कार्बन खोड, फांद्या, पाने व मुळे यांत बांधून ठेवते. म्हणून झाडातील कार्बन मोजायचा तर प्रथम त्याचे कोरडे वजन कळले पाहिजे. झाड तोडून, वाळवून, तोलून ते कळेल. पण ज्याचे रक्षण करावयाचे त्यालाच तोडून मोजणे हा मार्ग नव्हे. त्यासाठी अप्रत्यक्ष रीत वापरतात. निरनिराळ्या देशांत पूर्वी तोडलेल्या व तोललेल्या झाडांच्या नोंदींवरून सूत्रे तयार करण्यात आली आहेत. खोडाचा व्यास, उंची आणि लाकडाची घनता ही तीन मापे दिली की सूत्र वजनाचा अंदाज देते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले आणि उष्ण कटिबंधात बरेच वापरले जाणारे एक सूत्र चार हजारांहून अधिक झाडांच्या मापांवर आधारलेले आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे १.३ मीटरवर, एका झाडाचा घेर ९४ सेंटिमीटर भरला. त्यावरून व्यास ३० सेंटिमीटर येतो. झाडाची उंची १० मीटर आहे आणि लाकडाची घनता दर घन सेंटिमीटरला ०.७ ग्रॅम आहे. व्यासाचा वर्ग, उंची आणि घनता यांचा गुणाकार ६,३०० होतो. या संख्येचा ०.९७६ हा घात काढून त्याला ०.०६७३ ने गुणले असता सुमारे ३४४ किलोग्रॅम हे जमिनीवरील भागाचे कोरडे वजन मिळते. मुळे उपटून पाहता येत नाहीत; म्हणून कोरड्या प्रदेशातील वनांसाठी सर्वसाधारणपणे धरले जाणारे २८ टक्के हे प्रमाण घेतले, तर मुळांचे वजन सुमारे ९६ किलोग्रॅम येते. दोन्ही मिळून ४४० किलोग्रॅम. कोरड्या वजनाच्या साधारण ४७ टक्के कार्बन असतो. म्हणजे या झाडात सुमारे २०७ किलोग्रॅम कार्बन आहे. कार्बनच्या १२ भागांपासून कार्बन डायऑक्साइडचे ४४ भाग बनतात. त्या प्रमाणाने गुणले असता उत्तर सुमारे ७५८ किलोग्रॅम येते. एवढा वायू या एका झाडाने हवेतून काढून घेऊन अंगी बांधला आहे.

आता फीत धरणाऱ्याची चूक होऊन व्यास ३० ऐवजी ३१ सेंटिमीटर नोंदला गेला, असे समजा. उत्तर जवळजवळ साडेसहा टक्क्यांनी वाढते. व्यासाचा वर्ग केला जात असल्यामुळे लहान चूक मोठी होते. शिवाय सगळी झाडे सूत्रात बसतात असेही नाही. ताडाचे खोड वर्षानुवर्षे उंच होत जाते, पण वड-पिंपळाच्या खोडासारखे जाड होत नाही. म्हणून ताडासाठी वेगळे सूत्र लागते. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजून त्यांचीच खोडे होतात. जवळच असलेल्या अड्यारच्या प्रसिद्ध वटवृक्षासारख्या झाडापुढे फीत कोठे लावावी, असा प्रश्न अनुभवी वनरक्षकालाही पडावा.

पाच भांडारे

कार्बन केवळ उभ्या झाडात नसतो. हवामान बदलाविषयीच्या आंतरशासकीय मंडळाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत जमिनीवरील कार्बनची पाच भांडारे मानली आहेत: जमिनीवरील सजीव भाग, जमिनीखालील मुळे, पडलेले वा वाळून उभे राहिलेले लाकूड, पालापाचोळा आणि मातीतील सेंद्रिय कर्ब. तोडून वापरलेल्या लाकडाचा, म्हणजे दारे, खिडक्या, फर्निचर यांत अडकलेल्या कार्बनचा, हिशेब स्वतंत्रपणे ठेवता येतो.

यांपैकी मातीचे भांडार डोळ्यांना दिसत नाही, म्हणून सामान्यतः विसरले जाते. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार मात्र देशातील वनांतील एकूण कार्बनपैकी निम्म्याहून अधिक कार्बन मातीत आहे. मातीची मोजणी रीतीने सोपी, पण कष्टाची आहे. सामान्यतः ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतचे नमुने घेतात; त्यांतील कर्बाचे शेकडा प्रमाण आणि मातीची घनता प्रयोगशाळेत ठरवतात. घनता १.४ आणि कर्ब ०.८ टक्के असेल, तर ३० गुणिले १.४ गुणिले ०.८, म्हणजे दर हेक्टरी ३३.६ टन कर्ब, असे उत्तर येते. हा कर्ब जमायला दीर्घ काळ लागतो. माती उकरून पाया खणला की तो फार लवकर हवेत जाऊ लागतो.

प्रत्येक झाड आणि प्रत्येक चौरस मीटर माती मोजणे अशक्य असल्यामुळे नमुना-क्षेत्रे आखतात. एक दशांश हेक्टरचे चौकोन पुष्कळ ठिकाणी वापरण्यात आले आहेत. कोठे चौकोन पाडावयाचा हे मोजणाराच्या आवडीवर सोडता येत नाही. तसे केले तर पायवाटेजवळची किंवा डोळ्यांत भरणारी झाडेच मोजली जातील. जागा यदृच्छेने किंवा ठरीव अंतराने निवडाव्या लागतात. त्यातही नमुन्यांची संख्या चौपट केली तरच यदृच्छ चूक निम्मी होते. अचूकपणा महाग पडतो तो यामुळे.

वन, वस्ती आणि १९५८ साल

झाडे आणि माती मोजून झाली तरी काम संपत नाही. ज्या जमिनीवर ती आहेत, ती जमीन कोणत्या वर्गात मोडते, हे ठरवावे लागते. मार्गदर्शक तत्त्वांनी सहा वर्ग केले आहेत: वनजमीन, पीकजमीन, गवताळ जमीन, पाणथळ जमीन, वस्ती आणि इतर जमीन. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात गेलेली जमीन सर्वसाधारणपणे वीस वर्षे ‘रूपांतरित’ या सदराखाली ठेवतात. मातीतील कर्ब नव्या स्थितीला स्थिरावण्यास वेळ लागतो, हे त्यामागचे कारण.

गिंडीचा इतिहास या वर्गीकरणावर टीकाच करीत असल्यासारखा आहे. १९१० मध्ये येथील ५०५ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून घोषित झाले. १९५८ मध्ये त्याचा एक भाग तंत्रविज्ञान संस्थेसाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाकडे सोपवण्यात आला आणि १९५९ मध्ये मद्रासची भारतीय तंत्रविज्ञान संस्था सुरू झाली. त्याच सुमारास मुलांचे उद्यान झाले, पुढे राजाजी व कामराज यांची स्मारके झाली. १९७८ मध्ये उरलेले वन राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले, तेव्हा ते मूळ क्षेत्राच्या निम्म्याच्या आसपास उरले होते.

योगायोग असा की, १९५८ मध्येच हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग याने हवेतील कार्बन डायऑक्साइडची अखंड मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत.

गिंडीतील जमिनीचे हस्तांतर कार्बनच्या वहीत कसे लिहावे? कागदोपत्री वन गेले आणि वस्ती आली. समजा, एका हेक्टरात झाडांच्या रूपाने ६० टन कार्बन होता आणि ती जागा पूर्ण साफ झाली. तर ६० ला ४४ ने गुणून १२ ने भागले असता २२० टन कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन मांडावे लागेल. परंतु तंत्रविज्ञान संस्थेच्या आवारात पुष्कळ वृक्ष राखले गेले. तेथे आजही हरणे फिरतात. निम्मी झाडे राहिली असतील तर उत्सर्जन ११० टन धरावे लागेल, आणि राहिलेल्या झाडांची वाढ दरवर्षी वेगळी जमा करावी लागेल.

भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्या येथे आणखी एक पेच घालते. ज्या जमिनीवर पर्णछत्र दहा टक्क्यांहून अधिक आहे आणि जिचे क्षेत्र किमान एक हेक्टर आहे, ती जमीन कोणाच्याही मालकीची व कोणत्याही वापराची असली तरी ‘वनावरण’ म्हणून मोजली जाते. उपग्रहाला विद्यापीठाचे कुंपण दिसत नाही. त्याला झाडांचे माथे दिसतात. त्यामुळे जी जागा महसुली कागदांत संस्थेची आहे, ती उपग्रहाच्या चित्रात वन ठरू शकते. दोन्ही नोंदी आपापल्या जागी खऱ्या आहेत. मात्र एकाच झाडाचा कार्बन एकदा ‘वन’ म्हणून आणि एकदा ‘वस्तीतील वृक्ष’ म्हणून दोनदा जमा होता कामा नये, आणि दोहोंच्या फटीत हरवताही कामा नये. म्हणून कोणती व्याख्या वापरली, हे प्रत्येक आकड्यासोबत सांगणे आवश्यक ठरते. ती दरवर्षी बदलली तर झाडांत काहीही न घडता आकडा मात्र वाढेल किंवा घटेल.

वादळानंतरची वही

१२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ चेन्नईजवळ किनाऱ्याला धडकले. शहरातील हजारो झाडे उन्मळून पडली; गिंडीचे वनही त्यातून सुटले नाही. त्या दिवशी त्या झाडांतील कार्बन हवेत गेला काय? नाही. तो सजीव भांडारातून मृत लाकडाच्या भांडारात गेला. पडलेले खोड जागीच राहिले तर वाळवी, बुरशी आणि जंतू ते हळूहळू खातात. काही कार्बन हवेत जातो, काही मातीत मिसळतो. तेच खोड सरपणासाठी नेले तर काही दिवसांतच त्याचा धूर होतो. त्याची फळी करून कपाट बनवले तर तो कार्बन काही दशके टिकतो. वादळ तेच, झाड तेच. माणसाने पुढे काय केले यावर उत्सर्जनाचा काळ अवलंबून राहतो.

येथे आणखी एक प्रश्न उद्भवतो. वादळ माणसाने आणले नाही, मग त्याचा दोष देशाच्या हिशेबात का धरावा? निसर्गाचे आणि माणसाचे कर्तृत्व शेतात वा वनात वेगळे काढणे फार कठीण असल्यामुळे एक व्यवहारी तोड स्वीकारण्यात आली आहे. ज्या जमिनीचे माणूस व्यवस्थापन करतो, तिच्यावरील सर्व उत्सर्जन आणि शोषण मानवी मानावे, असा हा संकेत आहे. १९८३ मध्ये रिचर्ड हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली खतावणीची रीत यापेक्षा वेगळी आहे. तिच्यात वनतोड, शेती, पुनर्लागवड अशा माणसाच्या थेट कृतींचेच परिणाम वर्षानुवर्षे मांडले जातात. हवेतील वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वनांची वाढ जोमाने झाली, तर पहिल्या संकेतानुसार ती देशाच्या जमेस येते. दुसऱ्या रीतीत ती येत नाही. म्हणूनच जगाच्या जमिनीविषयी देशांच्या अहवालांची बेरीज आणि शास्त्रज्ञांची प्रतिमाने यांत मोठी तफावत दिसते. ती खोटेपणामुळे आलेली नाही. प्रश्नच दोन वेगळे आहेत.

मोठ्या संख्यांतील लहान फरक

वर्षाचा हिशेब काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत वाढ मिळवतात आणि तोड, आग, मर यांची वजाबाकी करतात. दुसरीत दोन निरनिराळ्या वर्षी पूर्ण साठा मोजून त्यांतील फरक घेतात. दुसरी रीत सरळ वाटते, पण तिच्यात एक सापळा आहे. समजा, पहिल्या वेळी साठा १०० टन आला आणि त्यात ५ टन इकडे-तिकडे होण्याची शक्यता आहे. दुसऱ्या वेळी तो १०२ टन आला आणि अनिश्चितता तितकीच आहे. दोन्ही चुका परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर फरक २ टन येतो, परंतु त्याची अनिश्चितता सुमारे ७ टन होते. म्हणजे साठा वाढला की घटला, हेही ठामपणे सांगता येत नाही. यावर उपाय म्हणजे तीच नमुना-क्षेत्रे कायम ठेवून, त्याच झाडांवर खुणा करून, पुन्हा पुन्हा मोजणे. तसे केल्यास दोन्ही वेळच्या चुका बऱ्याच अंशी सारख्याच राहतात आणि वजाबाकीत एकमेकींना खोडतात.

देशाच्या आकड्यांकडे हीच दृष्टी ठेवून पाहिले पाहिजे. २०२३ च्या वनस्थिती अहवालानुसार भारतातील वनांत ७,२८५.५ दशलक्ष टन कार्बन आहे आणि आधीच्या अहवालाच्या तुलनेत त्यात ८१.५ दशलक्ष टनांची भर पडली आहे. ही भर एकूण साठ्याच्या एक टक्क्याहून थोडीच अधिक आहे. राष्ट्रसंघाला सादर केलेल्या चौथ्या द्वैवार्षिक अहवालाप्रमाणे, २०२० मध्ये जमीन-वापर वगळता देशाचे उत्सर्जन २,९५९ दशलक्ष टन कार्बन डायऑक्साइडइतके होते. वनांनी व इतर जमिनीने ५२२ दशलक्ष टन शोषून घेतल्यामुळे निव्वळ उत्सर्जन २,४३७ दशलक्ष टन झाले. २०३० पर्यंत वने व वृक्ष यांच्याद्वारे अडीच ते तीन अब्ज टनांचा अतिरिक्त साठा निर्माण करण्याचे भारताने २०१५ मध्ये जाहीर केले. अशा प्रतिज्ञा पूर्ण झाल्या की नाही, हे शेवटी फीत, माती आणि नमुना-क्षेत्र यांच्याच आधारे ठरावयाचे आहे.

आता आकाशातूनही मदत मिळू लागली आहे. ३० जुलै २०२५ रोजी चेन्नईच्या उत्तरेस असलेल्या श्रीहरिकोटा येथून ‘निसार’ हा भारत आणि अमेरिका यांचा संयुक्त रडार-उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या रडारलहरी ढगांतून आरपार जातात आणि लांब लहरी पर्णछत्रात शिरून फांद्या-खोडांवरून परततात. परंतु परतलेल्या लहरीचे टनांत रूपांतर करण्यासाठी जमिनीवर मोजलेली झाडे लागतातच. पायारेषा चुकली तर त्रिकोणांची सारी साखळी चुकते, हा लॅम्बटनचा धडा येथेही लागू पडतो.

काळवीट आणि टन

एका गोष्टीचा इशारा देणे अगत्याचे आहे. गिंडीतील काळवीट मोकळ्या गवताळ भागात राहणारा प्राणी आहे. उद्यानातील ‘पोलो मैदान’ हा अशा जागेचा प्रसिद्ध नमुना. त्या मैदानावर झाडे दाटली तर दर हेक्टरी कार्बन वाढेल, वहीतला आकडा सुधारेल, आणि काळविटाचे घर मात्र जाईल. जवळच्या पळ्ळिकरणै पाणथळीचीही अशीच गोष्ट आहे. २०२२ मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेल्या या दलदलीतल्या पाण्याखालच्या चिखलात कार्बन दीर्घ काळ टिकतो, पण त्याच चिखलातून मिथेन वायूही बाहेर पडतो. मिथेनच्या भीतीने ती भरून काढली तर चिखलातला कार्बन सुटेल, आणि पावसाळ्यात पाणी सामावून घेणारी जागा शहर कायमची गमावून बसेल.

यावरून मोजणी निरर्थक आहे असे कोणी समजू नये. मोजल्याशिवाय हानी दिसत नाही आणि दिसल्याशिवाय ती थांबत नाही. तथापि कार्बनचा टन हे जमिनीच्या अनेक मूल्यांपैकी एका मूल्याचे माप आहे, हे विसरता येणार नाही. गिंडीतील माकडलिंबूच्या खोडाभोवती फीत गुंडाळणाऱ्या विद्यार्थ्याने घेर काळजीपूर्वक लिहावा, चूक किती असू शकते तेही शेजारी लिहावे, आणि पुन्हा पाच वर्षांनी त्याच झाडापाशी येऊन मोजावे. जमीन-वापराच्या साऱ्या जागतिक हिशेबाचा पाया अखेर या कामावरच उभा आहे.